मयताचा व्यवसाय

आमच्या मोठीमायच्या, म्हणजे आजीच्या, निधनाची बातमी जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत आली. 'जुन्या पिढीतील गृहिणी, धार्मिक वृत्तीच्या व मनमिळाऊ स्वभावाच्या म्हणून सर्वदूर परिचित' असलेल्या बाईंचं वृद्धापकाळानं निधन झालं, त्यांच्या पश्चात मुलं, मुली, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं असा मोठा परिवार आहे, असं त्यात म्हटलं होतं. ही कोण बाई गेली, ते पहिल्या वाचनात माझ्या ध्यानातच आलं नाही. परिवार मोठा आहे हे खरं. बाकी सगळं दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

बातमी देणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमत या पाच तालुक्यांत जी बाई जाते ती मनमिळाऊच असते. मजकूर तयार असतो, नावाची जागा तेवढी भरायची. पेपर वाचून असं वाटतं की भांडखोर बायका मरतच नसाव्यात.

मग चौकात फलक लागला. फलकासाठी फोटो शोधायला गेलो तर मोठीमायचा एकच फोटो सापडला, आधार कार्डावरचा. त्यात ती कॅमेऱ्याकडं अशी बघते आहे, जणू समोरच्या माणसानं पायली उसनी नेऊन चिपट्यानं परत केली आहे. खाली 'शोकाकुल' म्हणून गावातल्या तरुणांचे फोटो, प्रत्येकाचा तिच्यापेक्षा थोडा मोठा. त्यातल्या एका गॉगलवाल्या शोकाकुलाला मी ओळखतो. लहानपणी त्याला आमच्या आंब्यावर कैऱ्या चोरताना मोठीमायनं पकडलं होतं. घरी आणून चुलीपाशी बसवलं, भाकरी खाऊ घातली, वर ताक पाजलं आणि मग फुकणीनं मारलं. क्रम कायम हाच असायचा. उपाशी लेकराला मारू नये, असं तिचं म्हणणं.

आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे. आमच्या गावातली सगळी म्हातारी माणसं १ जानेवारीलाच जन्मली. ती स्वतः वय सांगायची ते असं : "रझाकाराच्या साली मी भाकरी थापाय लागले व्हते." निजामाचं राज्य गेलं १७ सप्टेंबर १९४८ला. भाकरी मुली आठ-नऊ वर्षांच्या झाल्या की थापायला लागायच्या. म्हणजे कोणालाही हिशेब करता यावा इतकं ते स्पष्ट होतं. आधारवाल्या पोराला तेवढा वेळ नव्हता, इतकंच.

ती जन्मली निजामाच्या संस्थानात. १९५६ला ती मुंबई राज्यात गेली, १९६०ला महाराष्ट्रात आली. १ मे १९९९ला परभणी जिल्हा तोडून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा ती तिसऱ्यांदा स्थलांतरित झाली. या सगळ्या काळात तिनं कयाधूकाठचं सासर सोडलं नव्हतं. जिल्हा झाल्याची बातमी घेऊन आजोबा पेढे वाटत आले तेव्हा तिनं एकच विचारलं, "मंग आता परभणीला हेलपाटे न्हाईत ना? एक डबा भाकरी वाचली." आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी जिल्ह्यासाठी निवेदनं दिली, मोर्चे काढले; त्या प्रत्येक मोर्च्याला पहाटे कोणीतरी डबे बांधून दिले होते, हे मात्र जिल्हानिर्मितीच्या इतिहासात आलेलं नाही.

आता मनमिळाऊ स्वभावाचं घेऊ. मोठीमायचं गल्लीत निम्म्या घरांशी बोलणं बंद असे. कोणती निम्मी, ते दर संक्रांतीला बदलायचं. पण शेजारच्या जिजीशी असलेला अबोला मात्र कायमचा होता, दोन्ही घरांनी जपलेला. कारण होतं एका कोंबडीचं, आणि ती कोंबडी कोणाच्याही आठवणीत नव्हती. अबोला असला तरी व्यवहार थांबत नसे. मोठीमाय म्हशीशी बोलायची, ऐकायचं जिजीनं.

"म्हशे, आज काही लोकांचं दूध नासलं म्हणं. ताक पायजे आसंल तर गाडगं ठिवलंय भिताडावर. तोंड दावायची गरज न्हाई."

पलीकडून जिजी तिच्या शेळीला सांगायची की काही लोकांच्या ताकात पाणीच जास्त असतं. थोड्या वेळानं गाडगं मात्र रिकामं होऊन, त्यात मूठभर चिंचा पडून परत यायचं. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा नियम भांडणाच्याही वरचा. जिजीची थोरली मुलगी बाळंतपणाला आली आणि रात्री अडली, तेव्हा कंदील घेऊन भिंतीवरून आधी गेली ती मोठीमायच. पहाटेपर्यंत दोघी एकाच खोलीत होत्या, एकीनं पाणी तापवलं, दुसरीनं लेकरू धरलं. सगळं काही सुइणीमार्फत बोलून झालं. सकाळी घरी आल्यावर तिनं आम्हाला सांगितलं, "पोरगी झाली. रंग उजळ हाय. नाक मातर आजीवर गेलंय, काय करता."

अशी बाई मनमिळाऊ म्हणून छापणं म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या मेहनतीवर पाणी ओतणं आहे. भांडण टिकवायला कष्ट पडतात. मिळून-मिसळून वागणाऱ्याला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. भांडणाऱ्याला मात्र कोण कोणाची मावसबहीण, कोणाच्या लग्नात कोणाला पुरणाची पोळी कमी पडली, हे सगळं तोंडपाठ लागतं.

तिच्या ओव्यांतही हाच मजकूर असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. फार मोलाचं काम आहे. त्यात मोठीमायच्या ओव्या नाहीत, म्हणून आमच्या सोयऱ्याधायऱ्यांची अब्रू तेवढी शाबूत राहिली. पहिली ओवी विठ्ठलाची, दुसरी भावाची, आणि तिसरीपासून पुढं नणंदा. जातं जसजसं जड ओढायचं तसतशी ओवी तिखट व्हायची. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आजोबांच्या बहिणींना झाला, त्याचं कारण हे.

धार्मिक वृत्तीचं थोडं खरं आहे. नरसी आमच्यापासून जवळ. संत नामदेवांचं गाव ते, आमच्याच कयाधूच्या काठावरचं. आषाढीला सगळा महाराष्ट्र पंढरपुरी जातो आणि त्यानंतरच्या एकादशीला, परतवारीला, नरसीत माणूस मावत नाही. मोठीमाय परतवारीवाली. पंढरपूरला जाण्याबद्दल तिचं मत असं होतं, की देव परत येणारच आहे तर एवढं लांब जाऊन त्याला कशाला अडवायचं; आणि जुलैमध्ये पेरण्या झालेल्या असतात, खुरपणीला बाया कोण बघणार.

नामदेवांच्या गाथेत घरातल्या बायकांच्या तक्रारी जशाच्या तशा आल्या आहेत. आई गोणाई लेकाला बोलते, बायको राजाई गाऱ्हाणं घेऊन थेट रुक्मिणीकडं जाते. कापड शिवायचा धंदा सोडून पोरगा देवाच्या दारी बसला, घरात खायला काही नाही, ही त्यांची अडचण. कीर्तनकार बुवा हे प्रसंग रंगवून सांगायचे आणि शेवटी नामदेवांची भक्ती कशी थोर यावर यायचे. मोठीमाय तिथं उठून जायची. तिचं सगळं लक्ष गोणाईकडं. "पंधरा माणसांचं खटलं व्हतं तिचं," ती म्हणायची. गोणाई आणि तिचा नवरा, नामदेव-राजाई, त्यांचे चार मुलगे, चार सुना, मुलगी, नामदेवांची बहीण आणि वर दासी जनी. हा हिशेब बुवांना यायचा नाही, तिला यायचा. "देव जेवला म्हंत्यात नामदेवाच्या हातून. रांधलं कोणी व्हतं?"

बुवांकडं याला उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही.

औंढ्याला नागनाथाला ती श्रावणात जायची. औंढ्याचं देऊळ मोठं, कोरीव, आणि लिंग मात्र खाली भुयारात. उतरायला अरुंद पायऱ्या, खाली उभं राहायला जागा नाही, वाकून बसूनच दर्शन. मोठीमाय अंगानं भरलेली. एकदा ती त्या वाटेत अशी बसली की खालचे वर येईनात आणि वरचे खाली जाईनात. मागून आरडाओरडा सुरू झाला. तिनं घाई केली नाही. अडकलीच आहे तर तिथूनच, पायरीवर बसल्या बसल्या, देवाला घरातल्या एकेकाचं नाव घेऊन काय काय पाहिजे ते सांगितलं. सुनांची नावं शेवटी आली, पण आली. वर आल्यावर म्हणाली, "बरं झालं. एरवी पुजारी धड उभं राहू देत न्हाई." नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, नंदी म्हणून मागं राहिला, ही कथा तिला फार आवडायची. आजोबांना ती दर वेळी ऐकवायची : दगडाचं देऊळ फिरलं, पण काही माणसं गडव्यानं पाणी घ्यायला माठाकडं फिरत नाहीत.

आता राहिलं गृहिणी. खरा घोळ इथंच झाला.

मृत्यूच्या नोंदीच्या अर्जात एक रकाना असतो, मयताचा व्यवसाय. काका लिहायला बसले. 'गृहिणी' लिहिलं. आत्या म्हणाली, शेतकरी लिहा. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, काका म्हणाले. मग 'घरकाम' लिहा. घरकाम हा व्यवसाय होतो का, यावर अंगणात बैठक बसली. जनगणनेच्या हिशेबात नुसतं घरचं करणारी बाई 'काम न करणाऱ्यां'त मोडते. हे मी सांगितलं तेव्हा माझ्या थोरल्या काकूनं माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच उठून गुरांना पाणी दाखवायला गेलो.

तर ती काय काय काम करत नव्हती, ते सांगतो.

पहाटे चारला ती अंगणात शेणाचा सडा टाकत नव्हती. मग चुलीला पोतेरं देत नव्हती, म्हशीखाली बसत नव्हती, डेऱ्यात रवी घालून ताक करत नव्हती. त्यानंतर भाकरी. ज्वारीचं पीठ काठवटीत घेऊन मधे खळगा करायची, त्यात कढत पाणी. पीठ तळहाताच्या मुळानं रगडायची, अगदी दाबून, काठवट जमिनीवर सरकेपर्यंत. उंडा गोल झाला की कोरड्या पिठावर ठेवून एका हातानं थापायला सुरुवात. भाकरी स्वतःभोवती फिरत वाढत जायची आणि कडा कुठंही फाटायची नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी आटायच्या आत उलटायची, एक क्षणही इकडं-तिकडं नाही. मग तवा बाजूला करून चुलीच्या तोंडाशी इंगळावर उभी. फुगून टम्म झाली की तिच्या पोटावर एक टिचकी. आवाजावरून तिला कळायचं की ज्वारी कोणत्या रानातली आहे. हे मी अंधश्रद्धा म्हणून सोडून दिलं असतं, पण एकदा आजोबांनी घरची ज्वारी विकून बाजारातली स्वस्त ज्वारी आणून बळदात टाकली, तेव्हा चोरी पकडली गेली ती या टिचकीनं.

आणखी एक. आज्या म्हटल्या की लोक लिहितात, सगळ्यांना जेवू घालून ती माउली उरलंसुरलं खाऊन झोपायची. आमची माउली सगळ्यांच्या आधी जेवायची. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिच्यावर भुरका. कढत तेलात लसूण, मग तिखट आणि शेंगदाण्याचा कूट, चर्र आवाज येईपर्यंत. चुलीपाशीच दोन भाकरी खाऊन, वर तांब्याभर पाणी पिऊन मग बाकीच्या घराकडं बघायची. सुनांनाही तिनं हीच शिस्त लावली. "उपाशी बाईच्या हातची भाकरी करपती," हा तिचा सिद्धांत. आमच्या घरात बायकांना चक्कर येण्याचं प्रमाण गावात सगळ्यात कमी होतं. गावातल्या इतर सासवांनी याला 'तिनं सुना बिघडवल्या' असं नाव दिलं होतं.

माझी एक चुलत बहीण परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकायला गेली. काय शिकतेस, म्हणून मोठीमायनं विचारलं. स्वयंपाक, पोषण, कपड्यांची निगा, घराचं व्यवस्थापन, बालसंगोपन, असं तिनं सांगितलं. मोठीमाय बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् ह्येची फी भरावी लागती?" बहीण सुटीत डिजिटल काटा घेऊन आली आणि मोठीमायच्या प्रत्येक उंड्याचं वजन करू लागली. उंडे सगळे जवळपास सारख्याच वजनाचे निघाले. बहिणीला आश्चर्य वाटलं, आणि तिला आश्चर्य वाटलं म्हणून मोठीमायला राग आला.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, आणि हे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. आमच्या गावातले ९७ मिनिटंवाले पुरुष कोणते, याचा आम्ही अजून शोध घेत आहोत. २०२४च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटांची सूट. पुरुषही मागं राहिले नाहीत, ते ८८वर आले.

कोर्टानं मात्र घरकामाला किंमत लावली. जमशेदपूरच्या एका आगीत गेलेल्या बायकांच्या नुकसानभरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली दिला. लता वाधवा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं, आणि ६२ ते ७२ वयाच्या बायकांचं वर्षाला २०,०००. पुढं जानेवारी २०२१मध्ये याच न्यायालयानं, गृहिणी काही काम करत नाही ही समजूत सोडून द्या, असं बजावलं. हे मी मोठीमायला एका संध्याकाळी, ती लसूण सोलत असताना, समजावून सांगितलं होतं.

"साठीनंतर पगार कमी कामून?"

"काम कमी होतं म्हणून असेल."

"साठीनंतर कमी? तव्हा तर सुना बी सांभाळाव्या लागत्यात." दोन पाकळ्या सोलून झाल्यावर पुन्हा : "आन् बहात्तरच्या म्होरं?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"म्हंजी फुकट," ती म्हणाली, आणि सोललेला लसूण माझ्याकडून काढून घेतला. मी खात होतो.

सरकारच्या कागदावर ती कामगार झाली ती एकदाच, १९७२च्या दुष्काळात. कयाधू कोरडी पडली होती, विहिरीत तळाला चिखल. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सगळं गाव गेलं. मिलो नावाची लाल ज्वारी तेव्हा अमेरिकेहून आलेली, लेकरांना सुकडी मिळायची. मिलोची भाकरी तिला कधीच जमली नाही. थापली की फाटायची. ती म्हणायची की त्या साली पोट जेवढं दुखलं नाही तेवढा त्या फाटक्या भाकरीनं जीव दुखला. खडीच्या कामावर हजेरीपटावर तिचं नाव होतं, पुढं रोज अंगठा, आठवड्याला पगार. दिवसभर खडी फोडून ती घरी यायची आणि तिथं पुन्हा सडा, चूल, पाणी, भाकरी, म्हणजे काहीच करायची नाही. पहिल्या पगारातून तिनं स्वतःसाठी चोळीचं कापड घेतलं, आणि आजोबांना त्याचा पत्ता लागला तो चोळी जुनी झाल्यावर. रोजगार हमीवर पुस्तकं निघाली आहेत, देशभर त्या योजनेचं कौतुक झालं. मोठीमायचं त्यावरचं म्हणणं एका वाक्यात होतं : "त्या साली ह्यांनी मला दोनदा इचारलं, थकलीस का म्हून."

हळदीच्या बाबतीत ती कोणाचं ऐकायची नाही. आमचा सगळा भाग आता हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतलाच संशोधन केंद्र झालं आहे. मोठीमायचं केंद्र चुलीमागच्या कोनाड्यात होतं. गुडघा फुटला, हळद. घसा बसला, हळद. विंचू चावला, तर आधी हळद आणि मग दवाखान्याची गाडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढली की शेतात चुलवणावर मोठी कढई चढायची. शिजली की नाही ते बघायला पोरं दहा वेळा झाकण उघडायची. मोठीमाय लांबून वास घ्यायची, मग येऊन कंदात तुराटीची काडी खुपसायची. काडी अडली नाही तर "उतरा". नंतर कुकर आले, पॉलिशची यंत्रं आली. काडी गेली नाही.

तिला मी एकदा सांगितलं की १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठानं हळदीनं जखम भरते याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे तो शोध आमचा म्हणून सरकारी शिक्का मारून घेतला होता.

"अमेरिकेत हळद पिकती?"

"नाही."

"मंग कोणाच्या घरून उसनी नेली?"

मी सांगितलं की डॉ. रघुनाथ माशेलकर म्हणून आपले मोठे शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या संस्थेनं जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन भांडण केलं आणि १९९७ला ते पेटंट रद्द करायला लावलं.

"परत केली म्हन की." तिचं समाधान झालं. दोन वर्षांत वसुली, ती सुद्धा परदेशातून, म्हणजे माशेलकर तिच्या दृष्टीनं कामाचा माणूस. आमच्या गल्लीत शेजारच्या घरातून चाळणी परत यायला याहून जास्त काळ लागतो.

तिच्या शेवटच्या वर्षात भूकंप झाला. वसमतच्या पांगरा शिंदेकडं जमिनीतून गूढ आवाज यायचे, ते ऐकून आम्ही सरावलेलो होतो. १० जुलै २०२४ला सकाळी सातच्या सुमारास मात्र सगळा जिल्हा हलला, ४.५ रिश्टरचा धक्का, केंद्र आमच्या कळमनुरी तालुक्यातच. भांडी खणखणली, माळवदातून माती पडली, आम्ही सगळे नेसत्या कपड्यांनिशी अंगणात. मोजले तर मोठीमाय नाही. काका आत धावायच्या बेतात असताना ती दारात आली, हातात फडक्यानं धरलेलं दुधाचं पातेलं.

"माय, जमीन हालली ना!" काका ओरडले.

"हाललीच की. दूध उतू गेलं आसतं."

धक्का ओसरल्यावर तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि भिंतीपलीकडं बघून म्हशीला विचारलं, की काही लोक बाहेर आले का, का अजून केसच विंचरायलेत. पलीकडून शेळीला उत्तर मिळालं की काही लोक आधीच बाहेर आलेत, आणि काही लोकांनी या वयात पातेली उचलू नयेत.

त्याच हिवाळ्यात ती गेली. झोपेत. चुलीत रात्रीचा इंगळ राखेखाली झाकून ठेवलेला होता, सकाळी काकूनं त्याच्यावरच चूल पेटवली.

दहाव्याला नदीवर सगळे जमलो. आमच्याकडं पिंडाला कावळा शिवायला वेळ लागतो, लागायलाच पाहिजे. माणसाचा जीव कुठं अडकला आहे हे त्याशिवाय कळत नाही, आणि मुलांना चार लोकांसमोर वचनं द्यायची संधीही मिळत नाही. थोरल्या काकांनी वचनं तयार करून आणली होती. भाऊभाऊ एकत्र राहू, धाकटीला माहेर तोडणार नाही, आंबा विकणार नाही. पिंड ठेवून ते चार पावलं मागं सरकले, हात जोडले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात कावळा आला, खाल्लं, गेला. काकांचं तोंड उघडंच राहिलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एवढ्या पटकन म्हणजे म्हातारीचा जीव कुठंच नव्हता की काय, लेकांवरसुद्धा? काका परतताना खरोखरच नाराज होते. थोरली काकू मात्र म्हणाली, "आत्याबाई कधी कोणासाठी जेवायच्या थांबल्या होत्या?"

जीव खरं तर अडकायला हवा होता. तिचं उसनवारीचं खातं दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी लिहिलेलं असे. उभी रेघ म्हणजे दिलं, आडवी म्हणजे आलं, आणि बाकीच्या खुणा काय ते तिलाच माहीत. साखर, चहापत्ती, ज्वारी, विरजण, लग्नातल्या घागरी, सगळं त्यात. माझ्या लग्नाच्या वेळी घराला चुना मारला आणि खातं पुसलं गेलं. गल्लीत अनेक घरांत त्या दिवशी गोड झालं होतं. मोठीमायनं संध्याकाळपर्यंत सगळ्या रेघा परत मारल्या. चुकली असेलही, पण कोणाची हिंमत झाली नाही म्हणायची.

ती गेल्यावर लोक आपणहून येऊ लागले. एकीनं साखर आणून दिली, एकीनं तांब्या, एकजण खोरं घेऊन आला जे आमचं आहे हेच आम्ही विसरलो होतो. जिजी आली. अबोला सुरू झाल्यापासून पहिल्यांदा दारातून आली. तिनं काकूच्या हातात एक कोंबडी दिली आणि काही न बोलता भिंतीवरून नाही, रस्त्यानंच परत गेली.

अर्जाच्या त्या रकान्यात शेवटी काय लिहिलं, ते सांगायचं राहिलं. 'गृहिणी' असंच लिहिलं. कचेरीत दुसरा शब्द चालला नसता आणि तेराव्याची कामं अंगावर होती.

आता एकच येणं बाकी आहे. रेघांवरून एवढं लागतं की दोन पायली तुरी कोणाला तरी दिलेल्या आहेत, बहुधा तिच्या शेवटच्या दिवाळीच्या आधी. नाव आम्हाला वाचता येत नाही. ज्यांनी नेल्या त्यांनी हा लेख वाचला तर आणून द्याव्यात. चिपट्यानं नाही, पायलीनं. काकू घरीच असते, सकाळी थोडं उशिरा या. तिचं जेवण होऊ द्या.